कोरड्या केसांत कंगवा नको: लहान मुलांच्या कुरळ्या केसांची निगा

दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या कुरळ्या केसांचे बहुतेक हाल एकाच सवयीमुळे होतात. शाळेची व्हॅन येण्याच्या घाईत कोरड्या केसांत बारीक दातांची फणी घालून ती मुळापासून खाली ओढली जाते, मूल रडते, केस तुटतात आणि वर ‘हिचे केसच मेले वाईट’ हा शेरा त्या मुलीच्या कानावर पडतो. असे तिच्यादेखत कधीही बोलू नये. पाच वर्षांच्या मुलीला आपल्या डोक्याची लाज वाटू लागावी याहून वाईट दुसरे काही नाही. कुरळे केस ओले आणि बुळबुळीत असतानाच सोडवायचे, हा एक नियम घरातल्या सर्वांनी पाळला तर पुढचे सारे सोपे होते.

कुरळा केस वाकलेल्या केशकूपातून उगवतो आणि त्याचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. टाळूवरचे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते, पण वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडते, आणि वयात येण्यापूर्वी मुलांच्या टाळूत हे तेल मुळातच कमी तयार होते. केसाच्या पृष्ठभागावर छपरावरच्या कौलांप्रमाणे बसलेले सूक्ष्म खवले वळणांवर किंचित उचलले जातात आणि शेजारच्या केसाला धरतात. गुंता होतो तो त्यामुळे. जावळ काढल्याने किंवा पुन्हा चकोट केल्याने केस सरळ किंवा दाट येतात ही समजूत मात्र सोडून द्यावी, कारण वस्तऱ्याचा परिणाम त्वचेखालच्या केशकूपावर होत नाही. पहिल्या काही वर्षांत केसांचा पोत बदलतो तो आपोआप.

इंदुरात पाण्याचा विचार आधी करावा लागतो. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून येणारे नर्मदेचे पाणी अनेक वसाहतींत दिवसाआड मिळते आणि बाकी काम बोअरिंगच्या पाण्यावर चालते. हे पाणी जड असेल, म्हणजे बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर केस धुतल्यावरही राठ लागतात. अशा घरी निदान शेवटचे दोन-तीन तांबे तरी नर्मदेच्या पाण्याचे घ्यावेत आणि त्यासाठी अर्धी बादली राखून ठेवावी.

लहान मुलांचे केस आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुवावेत. शांपू सौम्य असावा, तो थोड्या पाण्यात कालवून फक्त टाळूला लावावा आणि बोटांच्या पेरांनी चोळावा. केसांची लांबी खाली वाहणाऱ्या फेसानेच स्वच्छ होते. केस डोक्यावर गोळा करून घोळसणे अगदी टाळावे. रिठा आणि शिकेकाई घरोघरी मायेने वापरली जातात, परंतु दोन्ही डोळ्यांना फार झोंबतात, म्हणून एवढ्या लहान वयात ती न वापरलेलीच बरी.

आता मुख्य काम. शांपू धुऊन टाकल्यावर मुलाला पाटावर बसवावे, केस ओलेचिंब असतानाच त्यांचे चार भाग करावेत आणि तीन भाग चिमट्यांनी वर अडकवावेत. मोकळ्या भागाला सुपारीएवढे कंडिशनर लावावे, पण टाळूला लागू देऊ नये. त्यानंतर डाव्या हाताच्या मुठीत ती बट गुंत्याच्या वर, म्हणजे टाळू आणि गुंता यांच्या मध्ये, घट्ट धरावी. त्यामुळे ओढ मुठीतच जिरते आणि टाळूपर्यंत पोहोचत नाही. उजव्या हाताच्या बोटांनी टोकाकडचे बोटभर केस आधी मोकळे करावेत, मग मोठ्या दातांचा कंगवा तेवढ्याच भागातून फिरवावा आणि तो अडखळेनासा झाला की बोटभर वर सरकावे. ओला केस ताणला जातो, पण तो नाजूकही असतो, म्हणून कंगवा अडला की जोर न लावता पुन्हा बोटे घालावीत. मानेवरचा गुंता सर्वांत चिवट असतो, कारण झोपेत मूल उशीवर डोके घासते. तो भाग मूल कंटाळण्याआधी, पहिल्यांदाच हाती घ्यावा. आजीने तेवढ्या वेळात एखादी गोष्ट सांगितली, तर हे काम विनातक्रार पार पडते.

कंडिशनर धुतल्यावर केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. जुन्या मऊ पंच्यात ते खालून वर दाबून पाणी टिपावे आणि ओलसर केसांनाच अळशीचा गर लावावा. दोन मोठे चमचे अळशी कपभर पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ढवळत ठेवली की पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट होते. ते गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे, कारण गार झाल्यावर ते गाळता येत नाही. हा गर फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकतो. तो लावल्यावर केस सुकेपर्यंत त्यांना हात लावू नये आणि ड्रायर तर वापरूच नये. थंडीत दुपारच्या उन्हात न्हाऊ घालावे.

खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, म्हणून न्हाण्याच्या आदल्या रात्री ते लांबीला आणि टोकांना थोडेसे लावावे. सरसोचे, म्हणजे मोहरीचे, तेल माळव्यात सर्रास वापरतात, पण लहान मुलांच्या त्वचेला ते दाह करू शकते, तेव्हा ते टाळूला लावू नये. रोज चपचपीत तेल लावून करकचून वेण्या घालणे हा प्रेमाचा भाग असला, तरी सततच्या ओढीमुळे कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. शाळेसाठी वेण्या घालायच्याच असतील, तर आधी केसांवर पाणी फवारावे, वेण्या सैल घालाव्यात आणि कापड गुंडाळलेले रबर वापरावे. रात्री उशीला जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याचा अभ्रा घातला, तर सकाळचा निम्मा गुंता होतच नाही.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मुलांना न्यायचे असेल, तर केसांना आधी तेल लावून ते सैल बांधावेत आणि वर रुमाल गुंडाळावा. घरी आल्यावर कोरडा गुलाल आधी झटकून घ्यावा आणि मगच पाणी घालावे.

केस कापून घ्यायचे असतील, तर ते सुकलेले असताना कापावेत; ओला कुरळा केस लांब दिसतो आणि सुकल्यावर अपेक्षेपेक्षा बराच आखूड होतो. टाळूवर गोल चट्टा पडून तेथले केस तुटत असतील आणि खपल्या धरत असतील, तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. त्यावर नुसते मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि तोपर्यंत त्या मुलाचा कंगवा, टोपी व उशी भावंडांपासून वेगळी ठेवावी.