एसीच्या व्हॅक्यूमसाठी रोटरी व्हेन पंप: वापर आणि तेलाची काळजी

एसीच्या नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढायला (म्हणजे व्हॅक्यूम करायला) हा पंप लागतो. पंपाच्या गोल पोकळीत रोटर (फिरणारा भाग) मध्यभागी नसतो, एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. त्याच्या खाचांतल्या पात्या फिरताना बाहेर सरकून भिंतीला घासत राहतात. दोन पात्यांमधली जागा आधी वाढते तेव्हा हवा आत येते. मग आकसते आणि हवा दाबली जाऊन झडपेतून बाहेर पडते. फटी बुजवण्याचं काम तेल करतं, म्हणून पंपाचा जीव तेलातच.

आर-३२ किंवा आर-४१०ए हा थंडावा देणारा गॅस वापरणाऱ्या एसीला दोन टप्प्यांचा पंप घ्या. सुरू करण्याआधी तेल काचेवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. होज (पंप एसीला जोडणारी नळी) जाड आणि आखूड हवा. बारीक होजमुळे तासन्‌तास जातात. सुरुवातीची काही मिनिटं गॅस बॅलास्ट (पंपात थोडी बाहेरची हवा सोडणारी झडप) उघडा ठेवा, म्हणजे बाष्प तेलात पाणी होऊन साचत नाही. नंतर तो बंद करा.

साध्या गेजच्या काट्यावर विसंबू नका. मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारं मीटर) ५०० मायक्रॉनच्या खाली आलं की पंप आणि एसीमधला व्हॉल्व्ह बंद करून १० मिनिटं थांबा. आकडा चढतच राहिला तर गळती. थोडा चढून स्थिरावला तर ओलावा उरलाय, पंप पुन्हा चालवा.

आधी व्हॉल्व्ह बंद, मगच पंप बंद. उलट केलंत तर हवा किंवा तेल मागे ओढलं जाऊ शकतं. तेल दुधाळ दिसलं तर पंप गरम असतानाच बदला.