पहिला विंगसूट: आधी हात मागे पोहोचतो का ते बघा

ठाण्या-वाशीहून दुबईला किंवा थायलंडला जाऊन विमानातून पॅराशूट घेऊन जंप करणाऱ्यांच्या उड्यांचा आकडा २०० च्या जवळ आला की विंगसूटचा, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेल्या सूटचा, विषय निघतोच. अमेरिकेची पॅराशूट संघटना यूएसपीएही किमान २०० स्कायडाइव्ह झाल्याशिवाय विंगसूट घालू देत नाही.

पहिला सूट लहान पंखांचा, आखूड शेपटीचाच घ्या. मोठा सूट जास्त वेळ हवेत ठेवतो खरा, पण त्यात शरीर जरा वाकडं झालं की गिरकी लागते आणि ती थांबवणं नवख्याला फार जड जातं. शिवाय पायलट चूट (मुख्य पॅराशूट ओढून उघडणारी छोटी छत्री) काढताना हात मोठ्या पंखाच्या कापडात अडकू शकतो. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. म्हणून सूट आणि रिग (पॅराशूटची पाठीवरची बॅग) दोन्ही चढवून जमिनीवर उभे राहा, डोळे मिटा आणि उजवा हात मागे पायलट चूटच्या हँडलवर न्या. चाचपावं लागलं तर तो सूट तुमचा नाही, कितीही स्वस्तात मिळत असला तरी.

नवा शिवून घेणार असाल तर मापं स्वतः घेऊ नका. ठाण्यातल्या जांभळी नाक्याजवळच्या एखाद्या जुन्या शिंप्याकडे कंपनीचा मापांचा तक्ता घेऊन जा. खांदा ते मनगट आणि पायाची आतली लांबी दोनदा मोजून घ्या.

आपल्याकडच्या पावसाळ्यात सूट बॅगेत कोंबून ठेवू नका, बुरशी धरते. सावलीत टांगा, चेन अधूनमधून उघडझाप करा.