स्टेप सिक्वेन्सर घेताय? दुकानातच रूपक ताल वाजवून बघा

स्टेप सिक्वेन्सर म्हणजे स्टेप, म्हणजे घरं, भरून ठेवली की ती ओळीने पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र; घरांची एक रांग म्हणजे एक ट्रॅक. तो बघायला गेलात की आधी स्टेप किती ते सांगतात. तो आकडा तूर्त बाजूला ठेवा. मी हळदीला ऑक्टापॅड वाजवते आणि वरळीच्या घरी टेक्नो करते. माझ्यासाठी महत्त्वाचं एकच: प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते का? आपले सगळे ताल सोळात बसत नाहीत.

यंत्र जोडून द्यायला सांगा. एका ट्रॅकवर १६ स्टेपचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, टाका: १, ५, ९, १३. दुसऱ्या ट्रॅकची लांबी १४ करा, म्हणजे रूपकच्या सात मात्रा, मात्रेला दोन स्टेप. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणून क्लॅप, म्हणजे टाळीचा आवाज, ७ आणि ११ वर. रूपकची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ची, म्हणजे बिनटाळीची आहे, तिथे काही टाकू नका. आता थांबून ऐका. रूपक किकवरून सरकत जातो आणि आठ आवर्तनं झाली की, ११२ स्टेपनंतर, दोघं पुन्हा एकत्र सुरू होतात. हे ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. एवढं करायला मेनूत शोधाशोध करावी लागली, तर ते यंत्र कार्यक्रमात कामाचं नाही.

मग कोळीगीताचा ठेका. लांबी १२, डिव्हिजन, म्हणजे स्टेपचा वेग, आठव्याचं ट्रिपलेट: किकच्या एका ठोक्यात तीन स्टेप. तो किकच्या १६ स्टेपमध्ये बरोब्बर बसतो.

आर्टुरिया कंपनीच्या बीटस्टेप प्रोमध्ये सुरांचे दोन सिक्वेन्सर आणि १६ ड्रमचा एक. तिघांची लांबी आणि डिव्हिजन स्वतंत्र. पॉलिरिदम मोडमध्ये प्रत्येक ड्रमचीही लांबी वेगळी ठेवता येते, पण डिव्हिजन सगळ्या ड्रमना एकच. त्यामुळे कोळीगीताचा ठेका ड्रमवर असेल तेव्हा किक मी सुरांच्या ट्रॅकवरून पाठवते. सुरांचे ट्रॅक एका वेळी एकच स्वर वाजवतात. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर, हवे असतील तर कोर्ग कंपनीचा एसक्यू-६४ बघा: सुरांच्या तीन ट्रॅकवर आठ-आठ स्वरांपर्यंत जाता येतं.

शिकायला मात्र कोर्गचा छोटा एसक्यू-१ घ्या, असंच मी सांगेन. आठ-आठ नॉबच्या दोन रांगा. नको ती स्टेप वगळता येते, म्हणजे आठाचे सात होतात. पॅटर्न साठवत नाही, नॉब जिथे आहेत तीच चाल. कान लवकर तयार होतो.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिडीची, म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्याला सुरांचे संकेत नेणारी, वायर घेताना जपून. छोट्या जॅकच्या मिडीत ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. कोर्गला ए लागते, बीटस्टेप प्रोला बी. एकीच्या जागी दुसरी लावली तर काहीच वाजत नाही. बीटस्टेप प्रो यूएसबीवर चालतो. लॅपटॉपला जोडल्यावर स्पीकरमधून गुणगुण आली, तर मोबाइलच्या चार्जरवर लावून बघा.