मे महिन्यात ओढा कोरडा दिसतोय म्हणून निवांत राहू नका

२०२५ चा मे आठवतोय ना? मान्सून २४ मेला केरळात अन् २६ मेला थेट मुंबईत, जिथं तो एरवी ११ जूनच्या आसपास येतो. त्याच दिवसांत बारामती-इंदापूरकडं असा कोसळला की नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी शेतात घरात घुसलं. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

वळवाच्या पुराचं असंच असतं, आपल्या रानात चार थेंब पण वरच्या गावाला ढग फुटल्यासारखा झाला की ओढा अर्ध्या तासात दुथडी, आणि उन्हाळाभर त्याच पात्रात आपण मोटर, पाईप, कडब्याची गंजी, काहीजण तर जनावरंपण ठेवतो. ते आत्ताच वर काढा, पाणी आल्यावर काढायला उतरू नका, मोटर परत घेता येते. बांधाकडेची नळी, मोरी गाळानं बुजलीय का तेवढं बघा. शेजाऱ्यानं बुजवली असेल तर भांडण पावसाआधीच मिटवा :)

खरा घोळ कांद्याचा. काढलेला कांदा पातीखाली झाकून ठेवतो ते उन्हासाठी ठीक, पावसाला पात काय अडवणार? आभाळ भरलं की ढीग उंचवट्यावर घ्या, ताडपत्री टाका, भोवतीनं चर मारा, आणि पाऊस उघडला की ताडपत्री लगेच काढा कारण आत वाफ धरली की कांदा सडलाच समजा. भिजलेला कांदा कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडात) भरायची घाई करू नका, एका सडक्यापायी शेजारचे सगळे जातात. सावलीत पातळ पसरून मान (कांद्याचा पातीकडचा देठ) पूर्ण वाळू द्या, कापताना इंचभर मान ठेवा, आणि हा माल वेगळा ठेवून आधी विका.

मोटर बुडाली असेल तर मेन स्विच बंद, वायरमनला दाखवून वाळवल्याशिवाय स्टार्टर दाबू नका. विहिरीत गढूळ पाणी गेलं असेल तर उपसून ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय प्यायला नको. नुकसानीचे फोटो रान साफ करायच्या आधी काढा, तलाठ्याला कळवा, विमा असेल तर विमा कंपनीलाही लगेच कळवा.

आणि एवढा पाऊस झाला म्हणून लगेच पेरणीची तिफण काढू नका. वाफसा (जास्तीचं पाणी निथळून जमीन मशागतीजोगी होणं) नसताना ट्रॅक्टर घातला तर ढेकळं निघतात, मे मधल्या पावसानंतर मोठा खंड पडला तर दुबार पेरणी. मान्सूनचा ७५ ते १०० मिमी झाला की मगच सोयाबीन.