गिऱ्हाईक देश व्यापारी गटातून बाहेर पडला, तर मुंबईच्या निर्यातदाराने हिशेब कसा मांडायचा

एखादा देश व्यापारी गट सोडतो तेव्हा सगळे विचारतात, ड्युटी किती वाढणार? छोट्या निर्यातदाराचे पैसे मात्र बहुतेक दुसरीकडेच अडकतात. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडल्यावर दोघांत २४ डिसेंबर २०२० ला करार ठरला. एकमेकांच्या देशात तयार झालेल्या मालावर त्यात शून्य ड्युटी आहे, कोटाही नाही. तरीसुद्धा ब्रिटनच्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा अंदाज असा, की गटात राहिले असते त्या तुलनेत दीर्घकाळात देशाची उत्पादकता ४ टक्के आणि आयात-निर्यात सुमारे १५ टक्के कमी राहील. ड्युटी शून्य असताना ही घट कुठून येते? मध्येच उगवलेल्या सीमेतून. जिथे ट्रक न थांबता जात होता तिथे आता घोषणापत्र लागते, एजंट लागतो, तपासणी होते, आणि हा खर्च मालाच्या किमतीवर नसून प्रत्येक खेपेवर बसतो. चाळीस फुटी कंटेनर आणि दहा खोके यांच्या कागदांचा खर्च जवळपास सारखाच असतो. म्हणून न्हावा शेवातून एलसीएलने (इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून) माल पाठवणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

आधी तारखा

कॅलेंडरवर चार तारखा वेगळ्या लिहा: निर्णयाची, नोटिशीची, कायदेशीर बाहेर पडण्याची आणि कस्टम्सचे नियम खरोखर बदलण्याची. ब्रिटनच्या बाबतीत त्या अशा होत्या: २३ जून २०१६ ला जनमत, २९ मार्च २०१७ ला कलम ५० ची (गट सोडत असल्याची) नोटीस, ३१ जानेवारी २०२० ला औपचारिक एक्झिट आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत साडेचार वर्षे गेली. चलन पहिल्या तारखेला हलते, कागद शेवटच्या तारखेला बदलतात. तयारीसाठी मिळतो तो मधला वेळ.

दोन्ही बाजू एकाच दिवशी कडक होतील असेही धरू नका. युरोपने १ जानेवारी २०२१ पासूनच पूर्ण तपासणी लावली. ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या मालावरची तपासणी पुन्हापुन्हा पुढे ढकलली. वनस्पती आणि प्राणिजन्य मालाची आरोग्य प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२४ पासून लागू झाली आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून.

आणखी एक खात्री करून घ्या: देशाने नेमका कोणता गट सोडला आणि कोणत्या गटात तो अजून आहे? माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला इकोवास या पश्चिम आफ्रिकी गटातून अधिकृतपणे बाहेर पडले, पण सीएफए फ्रँक हे सामाईक चलन वापरणाऱ्या यूईएमओए या गटात ते राहिले. म्हणजे तिथे ब्रिटनसारखे स्वतंत्र चलन कोसळण्याचा प्रश्न नव्हता. या तिघांनाही समुद्रकिनारा नाही, त्यामुळे तांदूळ पाठवणाऱ्याने शेजारच्या देशातले बंदर आणि तिथून पुढची सीमा यांचा विचार आधी करायचा.

चलन: पहिला फटका इथे बसतो

जनमताच्या रात्री पौंड सुमारे १.५० डॉलरवरून १.३२ च्या आसपास घसरला, म्हणजे काही तासांत दहा टक्क्यांहून जास्त. दिवसाअखेर त्यातला थोडाच भाग भरून निघाला. तुमचे मार्जिन आठ टक्के असेल आणि बिल पौंडात असेल, तर ऑर्डर शिपमेंटआधीच तोट्यात गेली समजा.

मतदानाची किंवा मोठ्या निर्णयाची तारीख जवळ आली की इतके करा. पौंडात येणे असलेली सगळी बिले एका कागदावर उतरवा, प्रत्येकासमोर पैसे येण्याची अपेक्षित तारीख लिहा. ज्या ऑर्डर पक्क्या आहेत त्यांच्यासाठी बँकेकडून फॉरवर्ड कव्हर (आज ठरलेल्या दराने पुढे पौंड विकण्याचा करार) घ्या. ज्या अजून बोलण्यात आहेत त्यांच्यावर फॉरवर्ड घेऊ नका, कारण ऑर्डर फिसकटली तर कॉन्ट्रॅक्ट रद्द करावे लागते आणि दर उलटा गेला असेल तर फरक तुमच्या खिशातून जातो. अशा वेळी ऑप्शन (ठरलेल्या दराने विकण्याचा हक्क, बंधन नाही) परवडतो. प्रीमियम बुडतो, पण तेवढाच. नवीन कोटेशनची मुदत तीस दिवसांऐवजी सात दिवस करा. गिऱ्हाईक डॉलरमध्ये बिल घ्यायला तयार असेल तर उत्तम, पण पडलेल्या चलनातला गिऱ्हाईक मग भाव पाडून मागतो, याची तयारी ठेवा.

मालाचा रस्ता कागदावर काढा

आता खरे काम. भिवंडी किंवा तळोज्याच्या गोदामापासून शेवटच्या दुकानापर्यंत मालाचा प्रत्येक थांबा लिहा आणि प्रत्येक थांब्यापुढे तीन प्रश्न टाका: इथे मालाचा मालक कोण, इथे कस्टम्स कोणाच्या नावावर, आणि इथून पुढे सीमा आहे का?

मुंबईतल्या बऱ्याच तयार कपडेवाल्यांचा रस्ता पूर्वी असा असायचा: न्हावा शेवा, ब्रिटनमधले फेलिक्सस्टो बंदर, लंडनजवळचे गोदाम, आणि तिथून पॅरिस-अॅमस्टरडॅमला ट्रक. गटात असताना एकदा ड्युटी भरली की माल सगळीकडे मोकळा. आता हाच रस्ता दोनदा ड्युटी खातो. ब्रिटन-युरोप करारातली शून्य ड्युटी ब्रिटनमध्ये *तयार झालेल्या* मालाला आहे. मुंबईत शिवलेला शर्ट लंडनमध्ये नुसता खोक्यातून खोक्यात घातल्याने ब्रिटिश होत नाही. लेबल लावून, हँगरवर चढवूनही होत नाही.

हिशेब करून पाहू. सुती शर्टांवर सवलतीविना मूळ ड्युटी ब्रिटनमध्येही १२ टक्के आहे आणि युरोपातही १२ टक्के. समजा खेप ४०,००० पौंडांची आहे आणि त्यातला १६,००० पौंडांचा माल पुढे युरोपात जातो. ब्रिटनमध्ये त्या भागावर भरलेले १,९२० पौंड फुकट गेले, कारण युरोपात पुन्हा तेवढी किंवा थोडी जास्तच ड्युटी भरायची आहे. पौंड ११५ रुपये धरला तर हे २,२०,८०० रुपये होतात.

आता न्हावा शेवातच खेप दोन भागांत तोडून युरोपचा माल थेट रॉटरडॅमला पाठवला तर? दुसरे शिपिंग बिल, दुसरा बीएल (जहाज कंपनीची मालपावती), एलसीएलचे जास्त भाडे, तिथल्या एजंटची फी मिळून समजा ६०,००० रुपये जास्त लागले. एका पौंडामागे वाचणारी ड्युटी १३ रुपये ८० पैसे. ६०,००० भागिले १३.८ म्हणजे सुमारे ४,३५० पौंड. युरोपचा भाग याहून मोठा असेल तर तोडून पाठवा, लहान असेल तर दोनदा ड्युटी भरणे स्वस्त पडते. आकडे तुमच्या फॉरवर्डरकडून घ्या आणि वरचे बदला, रीत तीच राहते. ड्युटी दोन्हीकडे सीआयएफ (माल, विमा आणि भाडे मिळून) किमतीवर लागते हे विसरू नका. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली तेव्हा भाडे वाढले, आणि भाड्याबरोबर ड्युटीही वाढली.

मधला मार्ग म्हणजे ब्रिटनमध्ये कस्टम्स बॉण्डेड गोदाम. माल क्लिअर न करता तिथे ठेवायचा आणि युरोपचा भाग टी-वन ट्रान्झिटवर (ड्युटी न भरता माल सीमेपलीकडे नेण्याच्या कागदावर) बाहेर काढायचा. ब्रिटनने कॉमन ट्रान्झिट कन्व्हेन्शनमध्ये स्वतःच्या नावाने सदस्यत्व ठेवले आहे, त्यामुळे हे चालते. पण टी-वनला गॅरंटी लागते, आणि ट्रान्झिट मुक्कामाच्या कार्यालयात वेळेत बंद झाले नाही तर ड्युटी ज्याची गॅरंटी त्याच्याच गळ्यात पडते. ट्रकवाला सही न घेता निघून गेला, एवढ्यावरून हे होते.

नावे, नंबर, पत्ते

इथे चुका सर्वांत जास्त होतात, कारण जुना कागद कॉपी-पेस्ट होतो.

ईओआरआय हा कस्टम्सचा ओळख-नंबर आयातदाराचा असतो. ब्रिटनचा जीबीने सुरू होतो आणि युरोपात चालत नाही. युरोपसाठी सदस्य देशाने दिलेला वेगळा लागतो. उत्तर आयर्लंडसाठी एक्सआय. बेलफास्टला जाणाऱ्या मालाच्या नियमांबाबत युरोपचे बरेच कायदे अजून लागू आहेत, म्हणून 'युनायटेड किंगडम' एवढे लिहून भागत नाही, बंदर विचारा.

डीडीपीवर (तिथली ड्युटी स्वतः भरून दारात पोच) माल विकू नका, निदान पहिले काही महिने तरी. युरोपात कार्यालय नसलेल्याला स्वतःच्या नावाने घोषणापत्र भरता येत नाही, अप्रत्यक्ष प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि तो ड्युटीला तुमच्याइतकाच जबाबदार ठरतो म्हणून फी आणि अनामत दोन्ही मागतो. डीएपी (पोच तुमची, ड्युटी गिऱ्हाईकाची) ठेवा, क्लिअरन्स गिऱ्हाईक करेल.

सौंदर्यप्रसाधने पाठवत असाल तर 'जबाबदार व्यक्ती' दोन लागतात, एक ब्रिटनमध्ये आणि एक युरोपात, आणि लेबलवर पत्ता त्या-त्या बाजारातला. लंडनचा पत्ता छापलेले हजारो खोके हॅम्बुर्गला थांबले तर तिथे स्टिकर लावण्याची मजुरी मालाच्या नफ्याहून जास्त होते. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपच्या नव्या उत्पादन-सुरक्षा नियमाने इतर ग्राहकोपयोगी मालालाही युरोपातली जबाबदार संस्था दाखवावी लागते. अंबरनाथ-डोंबिवलीच्या केमिकलवाल्यांनी रीच (युरोपची रसायन-नोंदणी) पाहावी: ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे तुमच्या वतीने नोंदणी करणारा प्रतिनिधी, ब्रिटनमध्ये बसलेला असेल तर युरोपसाठी तो १ जानेवारी २०२१ पासून निरुपयोगी आहे, आणि ब्रिटनची यूके रीच ही वेगळी नोंदणी आहे. वर्षाला एक टनापासून दोन्हीकडे लागू.

ट्रेडमार्कचे थोडे सोपे झाले होते. नोंदलेल्या युरोपियन मार्कची ब्रिटिश प्रत आपोआप तयार झाली. पण ती प्रत आता स्वतंत्र आहे. नूतनीकरणाची फी वेगळी भरायची, एकीकडे भरून दुसरीकडे चालत नाही.

ओरिजिन आणि सवलत

विकसनशील देशांच्या मालाला ड्युटीत सवलत देणाऱ्या युरोपची जीएसपी आणि ब्रिटनची डीसीटीएस या आता दोन वेगळ्या योजना आहेत. डीसीटीएस १९ जून २०२३ पासून लागू आहे. युरोपने भारताच्या बऱ्याच मालगटांवरची जीएसपी थांबवलेली आहे, त्यामुळे आपला चॅप्टर (टॅरिफमधला मालगट) तपासल्याशिवाय दर सांगू नका. युरोपसाठी रेक्स, म्हणजे निर्यातदाराची नोंदणी, लागते. ६,००० युरोपर्यंतच्या खेपेला नोंदणीविना ओरिजिनचे (माल कोणत्या देशाचा याचे) निवेदन चालते. ब्रिटनला रेक्स लागत नाही, तरी बिलावर रेक्स नंबर टाकणारे अजून आहेत.

एक बारीक सापळा: पूर्वी ब्रिटिश कापड आणून शिवलेला माल युरोपच्या सवलतीत 'युरोपियन कच्चा माल' म्हणून मोजता येई. आता ब्रिटिश धागा, कापड, बटणे युरोपसाठी परकी आहेत.

गट सोडण्याची दुसरी बाजूही आहे. सोडणारा देश स्वतःचे करार करू शकतो. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, तो याच मोकळीकीतून. सही आणि अंमल यांत अंतर असते. कोटेशन देताना माल तिथे क्लिअर होईल त्या दिवशी लागू असलेला दर धरा.

शेतमाल

नाशिकची द्राक्षे न्हावा शेवातून रॉटरडॅमला आणि ब्रिटनला दोन्हीकडे जातात. रासायनिक अवशेषांच्या मर्यादा पूर्वी एकच होत्या. आता ब्रिटनची यादी वेगळी चालते आणि दोन्ही बाजू आपापल्या वेळी बदल करतात. लॅबचा रिपोर्ट आला की दोन्ही याद्यांशी ताडून पाहा आणि ज्या प्लॉटचे अवशेष एकाच मर्यादेत बसतात तो माल त्या बाजारालाच राखून ठेवा. एकदा पॅकहाऊसमध्ये खोकी मिसळली की ट्रेसिंगवरून वेगळी करायला दिवस जातो आणि जहाजाची कटऑफ वेळ निघून जाते. कमी ड्युटीचे कोटेही वाटले गेले. २०१३ ते २०१५ मध्ये कोणी किती वापरला त्या प्रमाणात युरोपचा आणि ब्रिटनचा हिस्सा ठरला. पूर्वी एका बाजूला मागणी कमी पडली तर तोच कोटा दुसरीकडे वापरता येई, आता येत नाही.

करारनामे आणि एलसी

जुनी फाइल उघडून 'युरोपियन युनियन' हे शब्द शोधा. एजन्सी करारात 'क्षेत्र: युरोपियन युनियन' असेल तर ब्रिटन त्यातून गळले, आणि तिथल्या कमिशनवरून भांडण ठरलेले. एलसीत (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये) 'कोणतेही ईयू बंदर' असेल आणि माल साउदम्प्टनला उतरला तर बँक डिस्क्रिपन्सी (कागदांतली विसंगती) काढते. देशांची नावे एकेक करून लिहा. करारात हेही टाका, की शिपमेंटनंतर नियम बदलून जास्त ड्युटी किंवा तपासणी-शुल्क लागले तर ते कोणी सोसायचे.

शेवटी एक लहान खेप नव्या रस्त्याने आधी पाठवा, दहा-बारा खोक्यांची, गर्दी नसलेल्या महिन्यात. परत आलेल्या बिलातली प्रत्येक ओळ आपल्या कागदाशी जुळवा. एजंटची फी, टर्मिनल हँडलिंग, तपासणी, गोदामभाडे वेगवेगळे दिसले पाहिजे. डेमरेजची (मुदतीपलीकडे माल बंदरात राहिल्याच्या आकाराची) ओळ दिसली तर कोणता कागद किती दिवस उशिरा पोचला ते सीएचएकडून (कस्टम्स एजंटकडून) लेखी घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला तो कागद कंटेनर गेटच्या आत जाण्याआधी तयार ठेवता येतो.