कॉर्डलेस माइकचा आवाज तुटतोय? आधी या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे मी साऊंडची कामं करतो. हरिनाम सप्ताह, व्याख्यानमाला, गणपतीतले गाण्याचे कार्यक्रम, लग्नातलं सूत्रसंचालन. कुठेही गेलो तरी एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘दादा, तुमचा माइक खराब आहे.’ बहुतेक वेळा माइकला काहीच झालेलं नसतं. तो चुकीच्या जागी ठेवलेला असतो, चुकीचा धरलेला असतो किंवा त्यात स्वस्तातले सेल घातलेले असतात. महागडा सेट घेऊनही त्याच चुका करणारी नवीन मुलं बघतो तेव्हा जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

रिसीव्हर मिक्सरशेजारी ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन. मिक्सर, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायचं यंत्र, मंडपाच्या शेवटच्या टोकाला, स्टेजपासून सव्वाशे फुटांवर. रिसीव्हर, म्हणजे माइकचा सिग्नल पकडणारा डबा, मी मिक्सरच्या टेबलावरच ठेवला. सकाळी सातला मंडप रिकामा असताना टेस्टिंग केलं. पोरगा माइक घेऊन पार मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत बोलत गेला, आवाज कुठेही तुटला नाही. मी निर्धास्त झालो.

दहाला कीर्तन उभं राहिलं. मंडप खच्चून भरलेला, तरी दीड तास सगळं व्यवस्थित चाललं. मग काल्याचा प्रसंग आला. महाराज स्टेजवरून खाली उतरून हंडीकडे निघाले आणि सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. त्या क्षणी रिसीव्हरवरचे सिग्नलचे दिवे पाचावरून एकावर आले. अभंगाचा अर्धा शब्द ऐकू यायचा, अर्धा गिळला जायचा, मध्येच फट् असा आवाज. मी फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर केला, पण जो आवाज पोचतच नाही तो फेडर कुठून आणणार? शेवटी महाराजांनी माइक पखवाजवाल्याकडे दिला आणि उघड्या गळ्याने काला पूर्ण केला. मागच्या बाजूला असलेल्या, पहाटेपासून आलेल्या बायाबापड्यांना त्यातलं काहीही ऐकू गेलं नाही. त्यांनी वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आजही आठवते.

कारण साधं आहे. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि ते माइकच्या यूएचएफ रेडिओ लहरी शोषून घेतं. माणसं बसलेली होती तोवर महाराजांच्या हातातल्या माइकपासून माझ्या टेबलापर्यंत डोक्यांवरून मोकळी वाट होती. माणसं उभी राहिली आणि तिथे भिंत तयार झाली. रिकाम्या मंडपातल्या टेस्टिंगला यातलं काहीच कळत नाही. खोक्यावर लिहिलेली शंभर मीटरची रेंजही मध्ये काहीच आडवं नसताना मिळणारी असते.

तेव्हापासून माझा रिसीव्हर स्टेजच्या कडेला, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच स्टँडवर असतो. तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची वायर. रेडिओचं काम फक्त स्टेजच्या आसपासच्या वीस-पंचवीस फुटांपुरतं, पुढचा सगळा प्रवास वायरवर. ‘वायरलेस घेतलाय तर वायर कशाला ओढायची?’ असं विचारणारे भेटतात. वायर ओढायला अर्धा तास लागतो, आणि कार्यक्रम एकदाच होतो. मला तो अर्धा तास कधीच जड वाटत नाही.

दोन्ही अँटेना इंग्रजी व्हीसारख्या फाकवून ठेवा. रिसीव्हर एलईडी वॉलच्या मागे नको, अँप्लिफायरच्या डोक्यावर नको आणि लोखंडी रॅकच्या पोटात तर नकोच. मधूनमधून खरखर येते म्हणून स्क्वेल्च (सिग्नल कमजोर झाला की आवाज बंद करणारी सेटिंग) वाढवत नेलात तर खरखर जाईल, पण रेंजही जाईल. खरखरीचं मूळ शोधा.

जाळी मुठीत धरणं

टीव्हीवर बघून गायक माइकची जाळी मुठीत धरतात. माइक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, तो जाळीच्या आत कॅप्सूलच्या (आवाज पकडणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूला असलेल्या फटींमुळे. मुठीने त्या झाकल्या की माइक चारही बाजूंचं ऐकायला लागतो. त्यात गायकाकडे तोंड केलेला मॉनिटर स्पीकरही आला, आणि शिट्टी सुरू. मग सगळे साऊंडवाल्याकडे बघतात. दुसरी मंडळी माइक अगदी बुडाशी धरतात. बऱ्याच हँडमाइकमध्ये अँटेना तिथेच असते, म्हणजे हाताने ती झाकली जाते. भाजलेलं कणीस आपण देठाला धरतो. माइक तसा नाही, बरोबर मधोमध धरायचा.

अंतराचंही तसंच. गाताना ओठांपासून दोन बोटं, भाषणात चार. एका भावगीत स्पर्धेत एक मुलगी माइक छातीशी धरून गात होती. गळा सुरेख, पण मागच्या तबल्याखाली आवाज दबलेला. मी स्टेजजवळ जाऊन खुणेने तिला माइक हनुवटीला टेकवायला सांगितलं. तिने टेकवला, मी फेडर निम्मा खाली घेतला, आणि तिचे श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू यायला लागले. मिक्सरवर मी दुसरं काहीच केलं नव्हतं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. तो फेडरने भरून काढायला गेलं की तबला, पंखा, स्पीकर, सगळंच त्याबरोबर वर येतं.

‘हॅलो, माइक टेस्टिंग’ वर गेन लावणं

गेन म्हणजे माइकमध्येच आवाज किती वाढवायचा ते माप. टेस्टिंगला सगळे हळू बोलतात. कार्यक्रमात तेच वक्ते टेबलावर मूठ आपटून बोलतात आणि आवाज फाटतो. हा आवाज माइकच्या किंवा बॉडीपॅकच्या (कॉलर माइकचा कंबरेला लावायचा डबा) आतच फाटलेला असतो, मिक्सरवर कमी करून तो जुळत नाही. म्हणून मी वक्त्याला नम्रपणे सांगतो, ‘साहेब, शेवटची घोषणा जशी देणार तशी एकदा द्या.’ त्यावर पीकचा (आवाज फाटायला आल्याचा) दिवा लागणार नाही इतका गेन ठेवतो.

आणि इको. गाण्याला थोडा ठीक आहे. भाषणाला आणि कीर्तनाला इको लावला की शब्दावर शब्द चढतो. ‘जरा इको वाढवा’ म्हणणाऱ्या आयोजकांना मी स्पष्ट नाही म्हणतो.

कॉलर माइक कुठेही अडकवणं

कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली, छातीच्या मध्यावर. उपरणं, तुळशीची माळ, साडीचा पदर यांच्यापैकी काहीही त्याला घासता कामा नये. कडक इस्त्रीचं कापड आणि रेशीम जास्त खसखसतं. वायरचा एक छोटा वेढा करून तो टेपने आतून चिकटवा, म्हणजे वायर ओढली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. बॉडीपॅकची अँटेना गुंडाळू नका, मोकळी लोंबू द्या.

वारकरी कीर्तनाला मात्र मी कॉलर माइक देतच नाही. हा माइक बहुतेक वेळा सगळ्या बाजूंनी ऐकणारा असतो आणि टाळकरी बुवांच्या पाठीशी चार फुटांवर उभे असतात. मग बुवांपेक्षा टाळच जास्त येतात. तिथे ओठांजवळचा हेडसेट, नाहीतर सरळ स्टँडवरचा वायरचा माइक. वायरचा माइक देण्यात कमीपणा कसला?

फ्रिक्वेन्सी मनाने लावणं

दोन माइक ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्झवर असले तर त्यांच्या मिसळण्यातून ५९९ आणि ६०२ वर भुतं, म्हणजे नको असलेले सिग्नल, उभी राहतात. तिसरा माइक तुम्ही नेमका ६०२ वर ठेवला की तो बिघडला असं वाटतं. समान अंतराने चॅनेल लावू नका. कंपनीने दिलेल्या एकाच ग्रुपमधले (एकमेकांना त्रास न देणारे) चॅनेल घ्या, आणि कार्यक्रमाच्या जागी, एलईडी वॉल चालू असताना स्कॅन करा.

सेकंडहँड सेट घेताना मागे लिहिलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा वाचा. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी निघाला. त्याची आखणीच अशी आहे की ७०३ ते ७४८ मध्ये फोन बोलतात आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर. या पट्ट्यातला जुना सेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. २.४ गिगाहर्ट्झचे छोटे सेट घरी रेकॉर्डिंगला छान चालतात, पण हजार फोन असलेल्या मंडपात वायफाय आणि ब्लूटूथच्या गर्दीत मुख्य वक्त्याचा आवाज मी त्यांच्या भरवशावर सोडणार नाही.

सेल

भिंतीवरच्या घड्याळाचे झिंकचे सेल माइकला नकोत, अल्कलाइनच हवेत. रिचार्जेबल वापरत असाल तर माइकच्या मेन्यूत तो प्रकार निवडा. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे मीटर चुकीचं दाखवतं, आणि संपताना ते एकदम बसतात. मी प्रत्येक कार्यक्रमाला नवीन जोडी घालतो. ‘कालचे अजून अर्धे आहेत’ हे माझ्याकडे चालत नाही. काढलेले सेल टॉर्चला वापरतो.

सूत्रसंचालकाच्या हातातल्या माइकचं बटण मी मेन्यूतून लॉक करतो. बोलून झालं की लोक माइक बंद करतात आणि पुढच्या वेळी चालू करायला विसरतात. आवाज बंद-चालू मिक्सरवरूनच होऊ द्या. रिसीव्हर चालू आणि माइक बंद असेल तेव्हा त्या माइकचा फेडर खाली ठेवा.

कार्यक्रम संपला, की वायरी गुंडाळण्याआधी माइकमधले सेल काढा. गेल्या पावसाळ्यात एका मंडळाने ‘चालत नाही’ म्हणून हँडमाइक माझ्याकडे आणला. गणपतीपासून सेल आतच होते. झाकण उघडलं तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरी साय धरलेली आणि पट्टी खाऊन गेलेली. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने तासभर घासली, स्पिरिटने पुसली, तेव्हा कुठे तो परत बोलायला लागला.