मूत्रपिंडातील जनुक-नियमन: ट्रान्सजेनिक उंदरांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यातून जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून मी पीएच.डी.साठी अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत गेले, तेव्हा मला क्लोनिंग येत होते, पीसीआर येत होता. मूत्रपिंड मात्र पाठ्यपुस्तकातील आकृतीपलीकडे ठाऊक नव्हते. म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी सर्वांत आधी अवयव शिकायला सांगते. उंदराच्या एका मूत्रपिंडात साधारण दहा ते पंधरा हजार नेफ्रॉन (रक्त गाळून मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक) असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या निकटवर्ती नलिकेतील, हेन्लेच्या पाशातील व दूरस्थ नलिकेतील पेशी, तसेच पुढे संकलक नलिकेतील पेशी, वेगवेगळी जनुके चालवतात. त्यामुळे ‘हे जनुक मूत्रपिंडात व्यक्त होते’ एवढे म्हणून भागत नाही. नेमक्या कोणत्या भागात आणि गर्भाच्या कितव्या दिवसापासून, हे सांगावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे केएसपी-कॅडहेरिन. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या या प्रथिनाच्या नावातच ‘मूत्रपिंड-विशिष्ट’ असा दावा आहे (पुढे ते थायरॉइडमध्येही आढळले, म्हणून अशी नावे जपूनच वाचावीत). डॅलस येथील पीटर इगाराशी यांच्या गटाने 1999 साली या प्रथिनाच्या जनुकाच्या लगेच आधीचा, ते जनुक चालू करणारा सुमारे 3.3 किलोबेसचा (3,300 अक्षरांचा) डीएनए, म्हणजे त्याचा प्रमोटर, घेऊन त्याला लॅकझेड हे जिवाणूचे सूचक जनुक जोडले (त्यातून बनणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एंझाइम एक्स-गॅल या रसायनापासून निळा रंग तयार करते) आणि तो तुकडा उंदरात घातला. असे बाहेरून घातलेले जनुक म्हणजे ट्रान्सजीन आणि ते बाळगणारे उंदीर ट्रान्सजेनिक. मूत्रपिंडाच्या नलिका आणि गर्भातील मूत्र-जनन मार्ग निळे झाले, म्हणजे जागा ठरवणारी माहिती त्या तुकड्यातच होती. पुढे एचएनएफ-1 बीटा हे प्रथिन त्या प्रमोटरला बांधून त्याला चालना देते, हे दिसून आले. माणसात याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला, तर मूत्रपिंडात गाठी होतात आणि लहान वयात मधुमेहही होऊ शकतो. उंदराच्या मूत्रपिंडातून ते जनुक काढल्यावर तेथेही द्रवाने भरलेल्या गाठी झाल्या, हे 2004 साली प्रसिद्ध झाले. एका प्रमोटरच्या अभ्यासातून रुग्णाच्या आजारापर्यंत पोचणारी ही वाट पाहूनच मी हा विषय निवडला आणि आजही मला तो तितकाच मोलाचा वाटतो.

आता वेळेचा हिशेब सांगते, कारण प्रवेश घेताना तो कोणी सांगत नाही. फलित बीजांडाच्या प्रोन्यूक्लियसमध्ये (शुक्रपेशी व अंडपेशीची केंद्रके एक होण्याआधीच्या केंद्रकात) डीएनए सोडल्यानंतर पिले जन्मायला सुमारे वीस दिवस, ती प्रजननक्षम व्हायला सहा ते आठ आठवडे आणि त्यांची पिले व्हायला पुन्हा वीस दिवस लागतात. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी पुढच्या पिढीचे मूत्रपिंड हाती यायला सुमारे तीन महिने जातात. शिवाय डीएनए गुणसूत्रात कोठे जाऊन बसेल, यावर आपला ताबा नसतो. शेजारच्या डीएनएच्या प्रभावाने एखादा वंश (एकाच मूळ ट्रान्सजेनिक उंदरापासून वाढवलेली संतती) मेंदूतही निळा दिसतो, तर एखादा कोठेच दिसत नाही. म्हणून एकाच वंशावरून निष्कर्ष काढू नये. किमान तीन स्वतंत्र वंश तरी एकच गोष्ट सांगत आहेत ना, हे पाहावे.

माझी स्वतःची मोठी चूक रंगाच्या बाबतीत झाली. एक्स-गॅलच्या द्रावणात रात्रभर ठेवलेले छेद सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बाह्यकातील निकटवर्ती नलिका सुरेख निळ्या झाल्या होत्या. मी आनंदाने छायाचित्रे काढून मार्गदर्शकांकडे नेली. त्यांनी एवढेच विचारले, “त्याच वेतातले ट्रान्सजीन नसलेले भावंड कोठे आहे?” मी ते रंगवलेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी रंगवले, तेव्हा त्याच्याही नलिका तशाच निळ्या निघाल्या. निकटवर्ती नलिकांच्या लयकारिकांत त्या पेशींचे स्वतःचे बीटा-गॅलॅक्टोसिडेज असते आणि द्रावण आम्लतेकडे झुकले की ते काम करू लागते. जिवाणूचे एंझाइम मात्र उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी द्रावणात चांगले चालते. माझ्या बफरचा पीएच मी तपासलाच नव्हता. सात आठवड्यांचे छेद पुन्हा करावे लागले. तेव्हापासून प्रत्येक काचपट्टीवर भावंडाचा छेद शेजारीच ठेवते आणि नलिका ओळखताना केवळ नजरेवर न विसंबता संकलक नलिकांसाठी डीबीए व निकटवर्ती नलिकांसाठी एलटीएल हे लेक्टिन (ठरावीक शर्करांना चिकटणारे प्रथिन) वापरते.

भारतात राहून हे काम करायचे असेल, तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी प्रयोगाआधी घ्यावी लागते आणि प्राण्यांची संख्या कारणासहित मांडावी लागते. तो अर्ज स्वतः लिहायला मागा, कारण किती वंश, किती भावंडे आणि गर्भाचे कोणते दिवस लागतील, याचा विचार तेथेच करावा लागतो. प्रयोगशाळा निवडताना प्राणिगृह पाहून या, वीण आणि जनुकचाचणीची नोंदवही कोण ठेवते ते विचारा, आणि जमल्यास रुजू होण्यापूर्वी महिनाभर एखाद्या विकृतिशास्त्र विभागात मूत्रपिंडाचे छेद पाहत बसा.